दोन साच्यांची एक होडी

मांडवी नदी गोव्याला जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. पणजीच्या पुलावरून दिसते, संध्याकाळी दिवे लावून फिरणाऱ्या बोटींतून दिसते. जुन्या गोव्याची मोठमोठी चर्चे पाहून लोक गाडीत बसतात आणि समुद्राकडे निघून जातात. पण नदीच्या काठाने, खाजणाच्या बांधांवरून चालत गेले तर पत्र्याच्या उंच शेडी लागतात. कोठे खनिज वाहणारी लोखंडी बार्ज दुरुस्तीसाठी वर ओढलेली असते, कोठे मासेमारीच्या आणि प्रवासी होड्या बांधल्या जातात. सहलीच्या यादीत या शेडी नसतात. आम्ही मात्र पाच दिवस गोव्यात राहिलो ते अशाच एका शेडीसाठी.

कारण घरगुती होते. आमच्या थोरल्या ताईचा मुलगा दोन वर्षांपासून येथे फायबरग्लासच्या होड्या बांधण्याच्या कामावर आहे. बारावीनंतर पुढे शिकणे जमले नाही. ओळखीच्या एका मुलाबरोबर गोव्याला आला आणि टिकला. पैसे वेळेवर घरी पाठवतो. तरी ताईला रात्री झोप नव्हती. आमचे दाजी दगड दळण्याच्या कारखान्यात होते. पांढरी धूळ अंगावर घेऊन घरी येत. पन्नाशीच्या आतच छातीच्या आजाराने गेले. आणि मुलाने एकदा फोनवर सहज सांगितले, "आई, इथं ग्राइंडर मारला की काचेची धूळ उडते." तेव्हापासून ताईने एकच धोशा लावला, "मला ते काम डोळ्यांनी बघायचंय." म्हणून आम्ही दोघे, आमची सातवीतली लेक आणि ताई असे चौघे मांडवी एक्सप्रेसने निघालो आणि करमळीला उतरलो.

शेड कोणत्या गावात आहे आणि कोणाची आहे, ते येथे लिहीत नाही. भाच्याला तेथेच काम करायचे आहे.

काच आणि राळ

शेडीच्या दारात पाय ठेवला आणि पहिला सामना झाला तो वासाशी. नवीन रंग, जळके प्लास्टिक आणि काहीसे गोडसर असे मिळून तो उग्र वास होता. डोळे चुरचुरले. भाचा म्हणाला, "मामी, दोन दिवसांनी हा वास येईनासा होतो." ताईने त्याच्याकडे पाहिले, पण बोलली काही नाही.

फायबरग्लास म्हणजे काय, हे तेथे हाताने चाचपून कळले. काचेचे केसासारखे बारीक तंतू काढतात. ते आखूड कापून, एकमेकांवर पसरून त्याची पांढरी चटई करतात, तिला हे लोक मॅट म्हणतात. तेच तंतू गोणपाटासारखे जाड विणले की रोव्हिंग. हे कापड नुसते असते तेव्हा लुसलुशीत असते. त्यावर मधासारखी दाट राळ, म्हणजे रेझिन, ब्रशने चोपडतात. राळेत आधी थोडे हार्डनर मिसळलेले असते. अर्ध्या तासात राळ जेलीसारखी घट्ट होते, मग तापते आणि काही तासांत दगडासारखी कडक होते. काच ताण सहन करते, राळ तिला आकारात धरून ठेवते. अमेरिकेत १९४० च्या दशकात या मालाच्या होड्या बनू लागल्या. आज आपल्या किनाऱ्यावरही लहान होडी म्हटली की बहुधा हीच. हा माल सडत नाही आणि लाकूड पोखरणारा समुद्रातला किडा त्याला लागत नाही. शिवाय इमारती लाकूड आता गरीब मच्छीमाराच्या आवाक्यात राहिलेले नाही.

होडी साच्यात बनते. साचा आतून आरशासारखा गुळगुळीत. त्याला आधी मेण चोळतात, म्हणजे होडी चिकटून बसत नाही. मग रंगीत जेलकोटचा हात, मग मॅट, रोव्हिंग, पुन्हा मॅट असे थर. साच्यातून निघाली की होडीची बाहेरची बाजू चकचकीत असते आणि आतली खरबरीत.

पण एका साच्यात पूर्ण होडी निघत नाही. पाण्यात बसणारे खालचे अंग, ज्याला हल म्हणतात, ते एका साच्यात. वरचा डेक, म्हणजे माणसे ज्यावर उभी राहतात ते पाठीसारखे झाकण, दुसऱ्या साच्यात. हल उघडे असतानाच त्यात आडव्या भिंती, इंजिनाचा पाया, डिझेलची टाकी बसवून घ्यावी लागते. झाकण बसल्यावर त्या जागी माणसाचा हात जात नाही. म्हणून दोन वेगळी अंगे करायची आणि शेवटी जोडायची. आम्ही गेलो तेव्हा चोवीस फुटी होडीची हीच जोडणी निघाली होती. मिस्त्री वेंगुर्ल्याकडचे, साठीला आलेले. ते म्हणाले, "बरे वेळेवर आलात. बाकीचं काम रोजचंच. सांधा मात्र होडीला एकदाच घालायचा असतो."

डब्याचे झाकण आणि करंजीची कड

हे जोड घालण्याच्या तीन रीती मिस्त्रींनी सांगितल्या. पहिली डब्याच्या झाकणासारखी. डेकची कड खाली वळवलेली असते आणि ती हलच्या काठावर बाहेरून बसते. दुसरी करंजीसारखी. हलचा काठ बाहेर वळवायचा, डेकचाही बाहेर वळवायचा, आणि दोन्ही कडा एकमेकींवर दाबायच्या. ही करायला सोपी, पण कड बाहेर आलेली असते. धक्क्याला होडी लागली की पहिला मार तिलाच. तिसऱ्या रीतीत हलचा काठ आतल्या बाजूला तीन इंच वळवून फळीसारखा करतात आणि डेक त्यावर बसवतात. ही कड आत सुरक्षित राहते. आमच्या समोरची होडी या तिसऱ्या रीतीची होती.

करंजीचे नाव निघाल्यावर ताई पहिल्यांदा बोलली. "कड नीट चिकटली नाही तर करंजी तेलात फुटते. कडेला कोरडं पीठ लागलेलं असलं तरी फुटते."

मिस्त्री हसले नाहीत. म्हणाले, "ताई, माझं निम्मं काम तुम्ही एका वाक्यात सांगितलंत."

ते निम्मे काम आम्ही शुक्रवारी दिवसभर पाहिले. प्रथम चेनपुलीने डेक उचलून कोरडाच हलवर बसवला. हल अजून साच्यातच होता. साच्यातून काढलेला हल झाकणाशिवाय पसरतो, मग डेकशी माप जुळत नाही. चौफेर फिरून कोठे फट राहते, कोठे कड टेकते, ते खडूने लिहिले. बोल्टांची भोके पाडली, सहा-सहा इंचांवर एक. आमच्या लेकीने मोजली, एकशे दहा भरली. मग डेक पुन्हा वर टांगला.

आता घासायचे काम. हलची ती आत वळलेली कड वरून साच्याला लागून तयार झालेली, म्हणून काचेसारखी गुळगुळीत आणि तिला साच्याचे मेण लागलेले. डेकच्या कडेची खालची बाजू खरबरीत दिसते, पण तिच्यावरही कडक झालेल्या राळेची चकाकी असते. राळ ताजी असते तेव्हा, साधारण एक दिवसाच्या आत, नवा थर जुन्यात मुरून एकजीव होतो. एकदा पूर्ण कडक झाली की नवी राळ तिच्यात शिरत नाही. नुसती वर बसते. मग धरायला ओरखडे लागतात. म्हणून जाड पॉलिश पेपर लावलेल्या ग्राइंडरने दोन्ही कडा इंच न् इंच घासायच्या. चकाकणारा नखाएवढा ठिपका राहिला तर तेवढ्या जागी पकड नाही. घासून झाले की धूळ ओढून घ्यायची, ॲसिटोनच्या स्वच्छ फडक्याने पुसायचे. आणि पुसल्यावर तेथे बोट लावायचे नाही. घामाचा हातसुद्धा मेणाचेच काम करतो.

भाच्याने संध्याकाळी मिस्त्रींना काम दाखवले. मिस्त्रींनी बॅटरी आडवी धरली, कडेवरून उजेड फिरवला आणि चार ठिकाणी खडूची खूण केली. भाचा पुन्हा घासायला बसला. सहाला सुटी होती, तो साडेसातला उठला. अंगभर पांढरा झाला होता. नाकातोंडावर कापडी मास्क होता आणि बाह्या टाचणीने बंद केलेल्या होत्या. ताई तेथेच एका ड्रमवर बसून होती. तिला काय आठवत होते, ते आम्ही विचारले नाही.

अर्ध्या तासाचे लग्न

शनिवारी सकाळी सातलाच सगळे जमले. ऊन चढले की राळ लवकर आळते, म्हणून जोड सकाळी घालायचा. लेकीला आम्ही दाराबाहेर वाऱ्याच्या बाजूला उभे केले.

मिस्त्रींनी स्वतः माप घेतले. एक किलो राळेला हार्डनर दहा ते वीस मिलिलिटर, हवेप्रमाणे. कमी पडले तर राळ कायम चिकट राहते. जास्त झाले तर ती डब्यातच तापून धुरावते आणि जोड ठिसूळ होतो. त्यात बारीक पांढरी पूड आणि कापलेले काचतंतू घालून श्रीखंडाएवढे घट्ट केले. उभ्या थापीवरून ओघळता कामा नये, अशी परीक्षा. काही ठिकाणी या लगद्याऐवजी नळीतून येणारा रबरासारखा डिंक वापरतात. तो थोडा लवचिक राहतो आणि पाणी चांगले अडवतो. काम तेच, दोन कडांच्या मधली प्रत्येक फट भरणे.

लगदा हलच्या कडेवर चौफेर थापला. बोल्टांच्या भोकांभोवती जास्त. मग पुलीवरचे दोघे आणि कडेचे सहा जण, कोणी बोलत नव्हते. मिस्त्रींचा हात वर, डेक थांबतो. हात खाली, डेक चार बोटे उतरतो. पुढच्या टोकाला भाचा होता. टोकाचे भोक भोकावर आले तसा त्याने पहिला बोल्ट सोडला आणि ओरडला, "बसला!" मग आणखी दोन टोकांना, मग मध्ये, मग समोरासमोर असे बोल्ट पडत गेले. खाली रुंद वॉशर आणि नट. सगळे स्टेनलेस स्टीलचे, खारे पाणी दुसऱ्या लोखंडाला ठेवत नाही.

आम्हाला वाटले होते की आता जोर लावून आवळतील. मिस्त्रींनी उलट बजावले, "दाबू नका. लगदा सगळा बाहेर आला तर आत काय उरणार?" दोन-तीन मिलिमीटर थर आत राहिला पाहिजे. बोल्ट आवळताना कडेतून लगदा सुतासारखा बाहेर येत होता. मिस्त्री त्या सुतावरून डोळे फिरवत होडीभोवती चालले. जेथे सूत अखंड तेथे आत भरलेले, जेथे तुटले तेथे फट. दोन ठिकाणी तुटले होते. तेथे पातळ पट्टीने लगदा आत सारला. पंचवीस मिनिटांत सगळे संपले. बादलीत उरलेला लगदा हाताला गरम लागू लागला होता. एका मुलाने ती बादली लगेच बाहेर उघड्यावर नेऊन पाण्यात ठेवली. उरलेली राळ कोपऱ्यात तशीच ठेवली तर ती तापून चिंध्यांना आग लागू शकते.

स्क्रू का नाहीत, असे आम्ही विचारले. स्क्रू स्वस्त आणि एका बाजूने बसतात. मिस्त्री म्हणाले, "होडी पाण्यात कधी सरळ उभी नसते. एक लाट नाळेखाली असते, एक मागे असते, मधे पोट लोंबतं. पुढच्या क्षणाला उलटं. दर लाटेला डेक एकीकडे ओढतो, हल दुसरीकडे. स्क्रू हळूहळू भोक मोठं करतो. आधी थेंब येतो. मग माणसाचं अंथरूण भिजतं, मग वायरी. डेक उचकटला तेव्हा कळून काय उपयोग? तेव्हा किनारा लांब असतो."

नदीच्या पलीकडचे बेट

रविवारी शेड बंद. भाच्याने आम्हाला जुन्या गोव्याला नेले. चर्चे पाहिली, व्हाइसरॉयच्या कमानीखालून खाली उतरलो आणि फेरीबोटीने दिवाडी बेटावर गेलो. पाच-दहा मिनिटांचे पाणी. पलीकडे भातखाचरे, बांध, पाणथळीतले बगळे. शहर एवढे जवळ असून गोंगाट नाही.

याच बेटावरच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये रत्नाकर दांडेकर यांनी नौदलासाठी 'म्हादेई' ही शिडाची नौका बांधली. म्हादई हे मांडवीचेच वरच्या अंगाचे नाव. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता तीच फेरी पुरी केली. याच ठिकाणी बांधलेली दुसरी नौका 'तारिणी'. ती १८ फेब्रुवारी २०१७ रोजी नौदलात दाखल झाली. वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डापाटी, एस. विजया देवी आणि पायल गुप्ता या सहा अधिकारी स्त्रियांनी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून शीड उभारले. २१,६०० सागरी मैल, म्हणजे सुमारे चाळीस हजार किलोमीटर तोडून त्या २१ मे २०१८ रोजी परत आल्या. वाटेत सुकाणूची यंत्रणा बिघडली, म्हणून मॉरिशसला थांबावे लागले. पुढे २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच तारिणीतून पुन्हा जगाला फेरी घातली.

आमच्या लेकीने सहाही नावे वहीत लिहून घेतली. मग विचारले, "दादा, त्यांच्या बोटीलापण एकशे दहा बोल्ट होते का?" भाच्याला ते ठाऊक नव्हते. एवढ्या मोठ्या नौकेची रीत निराळी असते, असे तो म्हणाला. पण केप हॉर्नच्या लाटांत त्या सहा जणी आत झोपत, स्वयंपाक करीत, तेव्हा कोणीतरी आधी कडा घासलेल्या होत्या आणि आडव्या बॅटरीने तपासलेल्या होत्या, एवढे त्याला नक्की ठाऊक होते. हे सांगताना त्याची मान ताठ झाली. ताईच्या ते नजरेतून सुटले नाही.

फेरीच्या वाटेवर आणखी एक गोष्ट निघाली. जोड घालायची जुनी विद्या आपल्याकडे फार निराळी होती. खिळा न मारता फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून जहाजे करीत. अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातील चित्रात जहाज आहे. लेणी पाहायला गेलेल्या आपल्यापैकी कितीतरी जणांनी ते पाहिले असेल. त्या चित्रावरून केरळच्या कारागिरांनी गोव्यातच एक जहाज शिवून बांधले. त्याचे नाव 'कौंडिण्य'. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात आले. डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये ते ओमानच्या मस्कतला पोचले. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या शिवणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत. पण त्यांची टाकेबंद रीत आजच्या समुद्रातही टिकली.

नाळेतली जागा

सोमवारी जोडाचे आतले काम होते. नुसत्या बोल्टांवर आणि लगद्यावर ही मंडळी थांबत नाहीत. डेक आणि हल जेथे मिळतात तो आतला कोपरा लगद्याने गोल भरून घेतात, कारण काचेचे कापड काटकोनात बसत नाही, खाली हवा राहते. मग त्यावर मॅटच्या पट्ट्या राळेत भिजवून चिकटवतात. पहिली चार इंच, दुसरी सहा, तिसरी आठ. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या बाहेर जाते, म्हणजे ओढ एका रेघेवर न येता पसरते. खाचांच्या रोलरने बुडबुडे काढतात. पांढरा डाग राहिला तर खाली हवा आहे असे समजायचे.

हे सगळे होडीच्या पोटात शिरून, डोक्यावर हात करून करायचे. राळ मनगटावरून खाली ओघळते. सर्वांत अवघड जागा नाळेची. तेथे होडी निमुळती होते. आडवे पडून, खांदे आवळून शिरावे लागते. अंगाने बारीक म्हणून ही जागा भाच्याची. तो आत सरपटला तेव्हा त्याच्या तोंडाला रुमाल बांधलेला होता.

ताई उठली. "तो रुमाल कशाला?"

"वास लागू नये म्हणून, आई."

मिस्त्रींनी मान खाली घातली आणि खरे ते सांगितले. राळेतून स्टायरीन नावाची वाफ सुटते. ती हवेपेक्षा जड असते आणि होडीच्या तळाशी साचते. रुमाल किंवा कापडी मास्क धूळ थोडी अडवतो, वाफ मुळीच अडवत नाही. त्याला कोळशाच्या डब्या लावलेला रबरी मास्क लागतो आणि आत ताजी हवा सोडणारा पंखा. डोके दुखते, चक्कर येते. आपण पडलो हे कळायच्या आतच माणूस पडू शकतो, म्हणून बाहेर एक जण नुसता लक्ष ठेवायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरीन 'बहुधा कर्करोगकारक' गटात घातले आहे. कामगारांनी मास्क मागितले होते. 'बघू' असे उत्तर मिळाले होते.

मालक चहाच्या वेळी आले. ताई त्यांच्यासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही. "साहेब, ह्याच्या वडलांना धुळीनं नेलं. तिथंही सगळे म्हणायचे, सवय होते. सवय झाली आणि माणूस गेला. तुमचा सांधा मी तीन दिवस बघतेय. नखाएवढी जागा सोडत नाहीत तुमची माणसं. मग माणसांचीच जागा का सोडता?"

मालक गप्प राहिले. बाकीची पोरे हातातले काम ठेवून ताईच्या मागे येऊन उभी राहिली. कोणी कोणाला बोलावले नव्हते. मिस्त्रीही आले. ते म्हणाले, "आज नाळेत कोणी जाणार नाही. मास्क आला की एक तासाचं काम आहे."

दुपारी पणजीहून दोन मास्क आणि एक पंखा आला. माणसे आठ होती. "बाकी सहांचं काय?" असे ताईने विचारले. "पुढच्या महिन्यात," असे उत्तर आले. मास्क लावून आणि पंख्याची नळी आत सोडून भाचा नाळेत गेला. बाहेर एक जण त्याच्या पायांवर नजर ठेवून बसला. तासाभरात पट्ट्या लागल्या.

मंगळवारी पाण्याची परीक्षा झाली. आतून सांध्यावर खडूची भुकटी फासली आणि बाहेरून पाइपने अर्धा तास पाणी मारले. बॅटरी घेऊन दोघे आत शिरले. मागच्या अंगाला एका बोल्टापाशी भुकटी ओली झाली होती. एकशे दहांतला एक. तो बोल्ट काढला, भोक सुकवले, डिंक भरून पुन्हा बसवला आणि पाणी पुन्हा मारले. भुकटी कोरडी राहिली. सांध्यावर आता बाहेरून रबरी पट्टी बसणार होती. मग हा सगळा खटाटोप कोणालाच दिसणार नाही.

ताईने मुलाला परत चल म्हटले नाही. रेल्वे स्टेशनवर एवढेच म्हणाली, "काम चांगलं आहे. शीक, मिस्त्री हो. पण मास्क नसेल त्या दिवशी नाळेत शिरलास तर मला कळेल." कसे कळेल, ते तिने सांगितले नाही. महिन्याभराने भाच्याचा फोन आला, आणखी चार मास्क आले आहेत. दोन बाकी आहेत आणि पोरांनी विषय सोडलेला नाही.

वाचकहो, आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले आज अशा कामांवर आहेत. कोणी होड्या बांधतो, कोणी पाण्याच्या टाक्या, कोणी गाड्यांचे भाग. राळ आणि काच तीच. पगार विचारतो तसे आणखी चार प्रश्न त्यांना विचारा. धुळीचा मास्क आहे, तसा वाफेचा वेगळा आहे का? बंद जागेत शिरताना बाहेर माणूस असतो का? हार्डनर डोळ्यांत उडाले तर धुवायला नळ जवळ आहे का? त्याने दृष्टी जाऊ शकते. ताबडतोब निदान पंधरा मिनिटे डोळा धुवायचा आणि थेट डॉक्टरकडे जायचे. हार्डनर आणि कोबाल्ट नावाचे जांभळे औषध कधीही एकमेकांत थेट ओतायचे नाही, स्फोट होतो, हे त्याला कोणी शिकवले आहे का? ॲसिटोनच्या जवळ विडी आणि ग्राइंडरची ठिणगी नको, हेही सांगून ठेवा. वर्षातून एकदा छाती तपासून घ्यायला लावा.

आणि गोव्याला गेलात तर मांडवीच्या धक्क्यावर एखादी पांढरी होडी जवळून पाहा. कडेने काळी रबरी पट्टी फिरवलेली दिसेल. तिच्या आत दोन अंगे एक झालेली आहेत. मुलांना ती पट्टी दाखवा आणि आत काय आहे ते सांगा.